ऑक्सिजन यंत्राची बॅटरी उन्हावर किती वेळात भरते?

घरी ऑक्सिजन द्यावा लागेल असे सांगितले की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला यंत्राच्या किमतीचा. दुसरा, "डॉक्टर, लाइट गेली तर?" काही वर्षांपूर्वी याचे उत्तर 'इन्व्हर्टर घ्या' एवढ्यात संपायचे. आता नातेवाईक स्वतःच उत्तर घेऊन येतात. छतावर सोलर पॅनेल, खाली बॅटरी, वरून फुकटचे ऊन. मग महावितरणची वीज असो वा नसो.

अलीकडे कोकणातल्या एका गावातून आलेल्या मुलाने आईच्या केसपेपरबरोबर दुकानदाराने दिलेला कागदही माझ्यापुढे ठेवला. १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन बॅटऱ्या, ३३५ वॉटची दोन पॅनेल. खाली पेनने लिहिले होते : बॅकअप १० तास, चार्जिंग साडेपाच तास. "बरोबर आहे ना, डॉक्टर?" हा प्रश्न विजेच्या माणसाला विचारायचा, असे म्हणून कागद परत देता आला असता. पण त्या कागदावरचे आकडे खरे धरून त्या काकू जुलैतली रात्र काढणार होत्या. मग तो प्रश्न औषधाच्या डोसाइतकाच डॉक्टरचा होतो.

हा ऑक्सिजन कोणाला लागतो ते आधी थोडक्यात. वर्षानुवर्षे चुलीचा धूर किंवा विडी-सिगारेटने सीओपीडी झालेले, जुन्या क्षयामुळे फुप्फुस आक्रसलेले, किंवा फुप्फुसात जाळ्यासारखा तंतू वाढलेले रुग्ण. स्थिर प्रकृतीत, विश्रांतीच्या वेळी, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल, तर दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन घ्यायला सांगितले जाते. हे १५ तास कुणाच्या मनाने ठरलेले नाहीत. ब्रिटनमध्ये ८७ रुग्णांवर झालेल्या आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्ण पाच वर्षांत दगावले. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६७ टक्के होते. त्याच्या आदल्या वर्षीच्या अमेरिकेतील अभ्यासात फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा जवळपास दिवसभर घेणारे अधिक जगले. म्हणजे इथे तासांनाच औषधाची किंमत आहे. आणि तास विजेवर अवलंबून आहेत.

घरातले ऑक्सिजनचे यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, हवा दाबून झिओलाइट नावाच्या दाण्यांतून नेते. नायट्रोजन त्या दाण्यांना चिकटून मागे राहतो आणि पुढे ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन मिळतो. हवा दाबायला कॉम्प्रेसर लागतो आणि खरी वीज तोच खातो. पाच लिटरचे यंत्र साधारण ३०० ते ४०० वॉट घेते. आपण मध्यम आकडा ३५० धरू. अनेकांना वाटते, आई दोनच लिटरवर आहे म्हणजे वीजही निम्म्याहून कमी लागत असेल. तसे होत नाही. बहुतेक यंत्रांत कॉम्प्रेसर तसाच चालत राहतो, नळी मात्र कमी सोडते. रोज १५ तास म्हणजे सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. हे बिल पाहूनच कितीतरी घरांत यंत्र हळूच बंद होते. "चालू असतं हो दिवसभर," असे सांगतात. पण यंत्राच्या बाजूला तासांचा छोटा मीटर असतो, तो वेगळे सांगतो. सोलरचा विचार यासाठीही चांगला आहे, आणि म्हणूनच तो नीट करायला हवा.

आधी दहा तासांचा बॅकअप पाहू. दुकानदाराचे गणित शाळेतल्यासारखे आहे. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास. दोन बॅटऱ्यांचे ३६००. भागिले ३५०, म्हणजे दहा तासांच्या थोडे वर.

यात तीन गळत्या धरलेल्या नाहीत. पहिली इन्व्हर्टरची. बॅटरीतली डीसी वीज घरच्या एसीत बदलताना साधारण १५ टक्के उष्णतेत जाते, म्हणून यंत्राला ३५० वॉट द्यायला बॅटरीतून सुमारे ४१० वॉट काढावे लागतात. दुसरी गळती, बॅटरी तळापर्यंत कधीच रिकामी करायची नसते. शिसे-आम्लाच्या ट्युब्युलर बॅटरीत ८० टक्क्यांपर्यंत उतरता येते, पण रोज तसे केले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तिला टिकवायचे तर ५० टक्क्यांवर थांबावे. ८० टक्के धरले तर ३६०० पैकी २८८० हाताशी राहतात. त्याला ४१० ने भागले की उत्तर येते सात तास. ५० टक्क्यांवर थांबलात तर साडेचारच्या आत. तिसरी गळती बॅटरीवरच्या आकड्यातच लपलेली असते. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० एएच लिहितात तेव्हा बहुधा ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तर, असा अर्थ असतो. म्हणजे साडेसात अँपिअरने. आपले यंत्र दोन बॅटऱ्यांच्या जोडीतून १७ अँपिअर ओढते. भराभर ओढले की शिसे-आम्लाची बॅटरी एकूण कमीच देते. 'सोलर बॅटरी' म्हणून विकतात त्यांचा आकडा बहुधा दहा तासांच्या हिशेबाचा असतो, तो आपल्या कामाला जवळचा. दुकानात 'सी-१० की सी-२०' एवढे विचारले तरी समोरचा माणूस सावध होतो.

म्हणजे कागदावरचे दहा तास नव्या बॅटरीत सात, आणि दोन-तीन वर्षांनी त्याहून कमी. तरीही ही फसवणूक नव्हे. पंखा-दिव्यांसाठी विकताना हे गणित चालून जाते. रात्री एक वाजता पंखा बंद पडला तर माणूस उठून खिडकी उघडतो. ऑक्सिजनच्या बाबतीत ती सूट नाही.

साडेपाच तासांचे काय झाले?

आता माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग. बॅटरी किती चालेल हे सगळे विचारतात. रिकामी झालेली बॅटरी पुढच्या संध्याकाळपर्यंत भरेल का, हे फार थोडे विचारतात. वीज सलग दोन रात्री गेली तर दुसरी रात्र या उत्तरावर निघते.

रात्री सात तास यंत्र चालले आणि बॅटरीतून २८८० वॉट-तास गेले असे धरू. तेवढेच परत घातले की बॅटरी भरत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीत घातलेल्या विजेपैकी साधारण पाचवा भाग उष्णतेत आणि पाण्याचे बुडबुडे करण्यात जातो. म्हणून ३६०० वॉट-तास घालावे लागतात. दुकानदाराने ३६०० ला पॅनेलच्या ६७० वॉटने भागले आणि साडेपाच तास लिहिले.

पण पॅनेलवर लिहिलेले ३३५ वॉट हे प्रयोगशाळेतले असतात. चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि पॅनेलचे तापमान २५ अंश. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पत्र्यावरचे पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का वीज कमी होते. म्हणजे तिथेच १५ टक्क्यांच्या आसपास गेले. वरून धूळ, आंब्याच्या झाडाची सावली, लांबलचक वायर, चार्ज कंट्रोलर. सगळे धरून ६७० पैकी बॅटरीच्या टोकाला ५०० वॉट पोचले तर काम चांगले झाले म्हणावे.

ते ५०० वॉटही भर माध्यान्हीचे. सकाळी आठ वाजता ऊन पडलेले दिसते, पण तिरके असते. म्हणून सोलरच्या हिशेबात उजाडल्यापासून मावळेपर्यंतचे तास मोजत नाहीत. दिवसभराचे सगळे ऊन गोळा करून ते माध्यान्हीच्या उन्हाच्या किती तासांइतके होते ते पाहतात. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी साधारण पाच तास पडते. एप्रिल-मे महिन्यात सहाच्या वर. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीनच्या आसपास, आणि झड लागलेल्या दिवशी एक तासही कठीण.

आता ३६०० ला ५०० ने भागा. भर उन्हाचे सव्वासात तास. दिवसाला मिळतात पाच. म्हणजे स्वच्छ ऊन असलेल्या साध्या दिवशीही बॅटरी संध्याकाळपर्यंत पूर्ण भरत नाही; उरलेले दुसऱ्या दिवशी. जुलैच्या सरासरी दिवशी १७५० वॉट-तास मिळतात, म्हणजे एका रात्रीचा खर्च भरून यायला दोन पूर्ण दिवस. झड लागली तर आठवडा. आणि हे सगळे पॅनेलची वीज फक्त बॅटरीला मिळाली तर. दिवसाही वीज नसेल आणि काकूंचे यंत्र त्याच पॅनेलवर सात तास चालले, तर त्यालाच २८८० वॉट-तास लागतात. स्वच्छ दिवसाची पॅनेलची सगळी कमाई २५०० आहे. बॅटरीत काही पडत नाही, उलट तिच्यातलेच जाते.

"मग पॅनेल चार लावू?" त्या मुलाने विचारले. उपाय बरोबर, पण अर्धाच.

घटाघटा पिणारी बॅटरी नसते

जुलाब होऊन सुकलेल्या रुग्णाला सलाइन लावताना बाटलीचे भोक किती मोठे एवढेच पाहत नाहीत. तरुण माणसाला लिटरभर सलाइन भराभर देता येते. अशक्त हृदयाच्या आजोबांना तेच दिले तर फुप्फुसात पाणी भरते. वेग बाटली ठरवत नाही, घेणारे शरीर ठरवते. बॅटरीचेही तसेच आहे.

शिसे-आम्लाच्या बॅटरीला तिच्या एएचच्या दहाव्या भागाइतका प्रवाह मानवतो. १५० एएचला १५ अँपिअर. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केले तरी जोडीला १५ अँपिअरच, म्हणजे साधारण ४०० वॉट. थोडे अधिक चालते, पण दुप्पट-तिप्पट ढकलले तर ती तापते, पाणी उडते, आतल्या पट्ट्या खराब होतात. रात्रीत १२० अँपिअर-तास काढले असतील तर १५ ने भागून आठ तास. त्यात नुकसानीची भर. आणि शेवटचा पाचवा भाग सगळ्यात हट्टी. ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी प्रवाह नीट घेते. पुढे व्होल्टेज मर्यादेला टेकते आणि ती घासाघासाने घेऊ लागते. एवढ्या शेवटच्या भागालाच तीन-चार तास जातात. सगळे मिळून दहा ते बारा तास, मग वर पॅनेल कितीही असोत. सूर्य मात्र कामाचे सहा-सात तासच देतो. शेवटच्या भागाची पाळी येते तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात आणि ऊन उतरणीला लागलेले असते.

म्हणूनच फक्त सोलरवर असलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या बहुधा कायम अर्धपोटी राहतात. अर्धवट भरलेल्या अवस्थेत पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. दोन वर्षांत 'बॅटरी बसली' अशी तक्रार येते, ती बऱ्याचदा उपासमारीची असते. पंधरवड्यातून एकदा तरी तिला महावितरणच्या विजेवर शंभर टक्के भरू द्यावे.

जास्त पॅनेलचा उपयोग माध्यान्हीला नाही, तो सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवशी आहे. चार पॅनेल असतील तर अर्ध्या उन्हातही बॅटरीला हवे तेवढे १५ अँपिअर मिळतात. कंट्रोलरमध्ये प्रवाहाची मर्यादा लावून घेतली की दुपारी इजा होत नाही. कोकणात मी असेन तर बॅटरीच्या मानाने पॅनेल सढळ हाताने लावीन. दुसरा मार्ग बॅटऱ्या दुप्पट करण्याचा. चार बॅटऱ्यांतून तेच १२० अँपिअर-तास काढले तर प्रत्येक जोडी ४० टक्केच उतरते, आयुष्य वाढते, आणि चौघी मिळून ३० अँपिअर घेऊ शकतात. पण मग पॅनेलही तेवढी हवीत. नुसत्या बॅटऱ्या वाढवून पॅनेल दोनच ठेवणे म्हणजे मोठे पिंप आणि तीच बारीक नळी.

लिथियमची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी या बाबतीत फार सरस आहे. ती ८०-९० टक्के वापरता येते, घातलेल्या विजेतले जेमतेम पाच टक्के वाया घालवते आणि तिच्या एएचच्या निम्म्याइतका प्रवाहही सहज घेते. त्या २८८० वॉट-तासांच्या भरपाईला तिथे सुमारे ३००० पुरतात. तीच दोन पॅनेल असतील तर सव्वासातऐवजी सहा तास, पॅनेल दुप्पट केली तर तीन. अर्धवट भरलेली राहिल्याने ती शिशासारखी आजारी पडत नाही. किंमत सुरुवातीला जास्त, आणि चार्जर तिच्यासाठीच जुळवलेला हवा. जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नये. परवडत असेल तर ऑक्सिजनच्या घरी मी हीच सुचवतो.

कंट्रोलरबद्दल एक गोष्ट, कारण इथे गुपचूप नुकसान होते. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून बसवतो. ३३५ वॉटचे पॅनेल सुमारे ३८ व्होल्टला पावणेनऊ अँपिअर देते. ते एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीला असे जोडले तर अँपिअर तेवढेच, व्होल्ट मात्र १३. हाती येतात ११५ वॉट. दोन-तृतीयांश पॅनेल फुकट. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो. वर धरलेले ५०० वॉट एमपीपीटी असेल तरच.

छतावर पॅनेल आहेत, तरी घरात अंधार

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे गावोगाव छतांवर पॅनेल दिसू लागली आहेत. बिलासाठी ही योजना उत्तमच, आणि दीडशे युनिट जादा जाळणाऱ्या रुग्णाच्या घरी तर हवीच. पण अशी ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडते, भर दुपारीसुद्धा. हा दोष नाही. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तशी रचना सक्तीची आहे. 'आमच्याकडे सोलर आहे' असे नातेवाईक सांगतात तेव्हा मी आता पुढचा प्रश्न विचारतो : लाइट गेल्यावर चालते का? निम्म्या लोकांना तो प्रश्नच नवा असतो.

बॅटरी असेल तर सोलर इन्व्हर्टरचे एक सेटिंग तपासा. दुकानदार बिल वाचावे म्हणून ते बहुधा 'सोलर आधी, मग बॅटरी, शेवटी ग्रिड' असे लावून देतो. म्हणजे वीज असतानाही संध्याकाळी टीव्ही-पंखे बॅटरीवर चालतात आणि रात्री दोनला वीज जाते तेव्हा बॅटरी निम्मी झालेली असते. रुग्णाच्या घरी क्रम उलटा हवा : वीज आहे तोवर सगळे ग्रिडवर, बॅटरी भरलेली राखून ठेवायची, आणि ती उन्हाने भरत नसेल तर ग्रिडने भरायची. बिल थोडे वाढेल. शिवाय ऑक्सिजन यंत्राचा जोड वेगळा ठेवा. ७५ वॉटचा जुना पंखा पाच तास चालला की ऑक्सिजनचा एक तास गेला. मिक्सर आणि गिझर त्या बॅटरीवर चुकूनही नकोत. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. चौकोनी लहरीवर कॉम्प्रेसर गरम होतो, गुरगुरतो आणि लवकर जातो. सुरू होताना कॉम्प्रेसर क्षणभर बराच जास्त झटका ओढतो, तोही इन्व्हर्टरला पेलायला हवा.

बॅटरी कुठे ठेवायची? रुग्णाच्या खोलीत नाही, एवढे पक्के. शिसे-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. बंद खोलीत तो हवेच्या चार टक्क्यांवर गेला तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. तिकडे रुग्णाच्या अंथरुणाजवळ ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले असते, तिथे साधी ठिणगीही कापडाला पटकन लागते. बॅटरी हवेशीर पडवीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि ज्या खोलीत ऑक्सिजन सुरू आहे तिथे देवाचा दिवा, उदबत्ती, विडी नको. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे फोडायला देऊ नका; त्या शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. नवी घेताना जुनी विक्रेत्याला परत करावी.

या सगळ्याआधी घ्यायची वस्तू मात्र वेगळीच आहे : भरलेला सिलिंडर. दहा लिटर पाण्याच्या क्षमतेच्या, बाजारात 'बी टाइप' म्हणतात त्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने तो साडेबारा तास पुरतो. त्याला ना ऊन लागते ना बॅटरी. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतल्या गावांना कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी कोणतीही घरगुती बॅटरी एकटी पुरत नाही. वादळाचा इशारा आला की सिलिंडर भरून आणा आणि रस्ता बंद होण्याआधी रुग्णाला वीज असलेल्या ठिकाणी हलवायचे का, हे ठरवा.

वीज गेल्यावर घाबरू नका, हेही सांगायला हवे. स्थिर प्रकृतीच्या बहुतेक रुग्णांना सिलिंडर जोडेपर्यंतची काही मिनिटे निभावतात. त्यांना पुढे झुकून बसवा, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला सांगा, बोटाला ऑक्सिमीटर लावा. सीओपीडीच्या रुग्णाला ८८ ते ९२ पुरेसे असते. 'लाइट यायच्या आत जास्त घेऊन ठेवू' म्हणून प्रवाह पाच लिटरवर नेऊ नका. ऑक्सिजन शरीरात साठत नाही, उलट काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते.

त्या मुलाला मी कागद परत दिला तो काही आकडे खोडून : बॅकअप सात तास, चार्जिंग स्वच्छ उन्हात दीड दिवस, पावसात दोन किंवा त्याहून जास्त. त्याने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे रात्री तीन तासच लाइट गेली तर?" अगदी योग्य प्रश्न. तीन तासांना बॅटरीतून सुमारे १२३० वॉट-तास जातात, भरून काढायला १५५० च्या आसपास लागतात, आणि ते जुलैच्या सरासरी दिवशीही एका दिवसात येतात. म्हणजे ती यंत्रणा रोजच्या तीन तासांसाठी पुरेशी आहे, सलग दोन मोठ्या रात्रींसाठी नाही. त्याने दोन पॅनेल वाढवली आणि सिलिंडर घेतला.

तुमच्या घरचा आकडा मात्र तुम्हालाच काढावा लागेल, आणि तो मे महिन्यात काढलेला बरा. यंत्राचे खरे वॉट मोजायला प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. नाहीतर घरातले सगळे बंद करून फक्त यंत्र चार तास चालवा आणि विजेच्या मीटरवरचे युनिट पाहा. चार तासांत १.४ युनिट म्हणजे ३५० वॉट. मग एके सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असताना यंत्र तिच्यावर घ्या. जवळ एक माणूस, बोटाला ऑक्सिमीटर, शेजारी भरलेला सिलिंडर. चार तास चालवून थांबा. आता ग्रिडवरून चार्जिंग बंद ठेवून फक्त उन्हावर बॅटरी कधी भरते ते घड्याळात पाहून लिहा, आणि तोवर रुग्णाचे यंत्र थेट ग्रिडवर चालू द्या. मेमध्ये जेवढे तास लागतील त्याची जुलैसाठी किमान दुप्पट धरा. तो आकडा इन्व्हर्टरवर कागद चिकटवून लिहून ठेवा, त्याच्या खाली सिलिंडर भरून देणाऱ्याचा फोन नंबर.